अहो, मी सांगितलं

अहो, तुमच्या निधनाची बातमी पेपरात आली होती. चार ओळींची. थोरल्या भाऊजींनी दिली. त्यात लिहिलं होतं, 'ते मनमिळाऊ स्वभावाचे होते.' घर माणसांनी भरलेलं, बाहेरच्या सोप्यात सतरंज्या अंथरलेल्या, आणि मला ते वाचून हसू फुटलं. तोंडाला पदर लावून आत पळाले. बायकांना वाटलं, हिला रडू आवरेना. तुम्ही असतात तर पेपरची घडी घालून शांतपणे म्हणाला असतात, "हे चुकीचं छापलंय. दुरुस्ती द्यायला पायजे." आणि खरोखर सायकल काढून पेपरच्या ऑफिसात गेला असतात.

तर ती दुरुस्ती मी देते. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. चार माणसं जमली की तुम्ही पाठ टेकायला भिंत शोधायचात. आपल्या लग्नात अक्षता पडल्या, बँड वाजायला लागला आणि पंगत बसायच्या आत नवरदेव नाहीसा झाला. मंगल कार्यालयात कुजबुज सुरू झाली. माझ्या मामानं तुम्हाला शोधून काढलं ते कोठीच्या खोलीत. तांदळाच्या पोत्यावर डोळे मिटून बसला होतात, फेट्याचा शेमला दोन्ही कानांवर गुंडाळून. "पंधरा मिनिटांत येतो म्हणून सांगितलं हुतं की," तुम्ही म्हणालात. सांगितलं होतं खरं. पण आचाऱ्याला.

माझ्या माहेरी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगून लोक हसले. मीही हसायची आणि घरी येऊन तुमच्याशी भांडायची.

किती भांडले मी! तुम्ही मुगाची आमटी आणि भाकरी सोडून दुसरं खात नव्हतात, त्यावरून भांडले. पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसायचात, त्यावरून भांडले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तुम्ही मशीन शॉपमध्ये होतात. बाहेर उभे राहून आवाज ऐकायचात आणि सांगायचात, "तीन नंबरचं बेअरिंग चाललंय. परवापर्यंत टिकंल." परवा ते जायचंच. म्हणून मालकांनी तुम्हाला सुपरवायझर केलं. मी पेढे वाटले. दोन महिन्यांनी तुम्ही अर्ज लिहून दिलात, की मला माझ्या पहिल्या जागी परत घ्या. मला हे तुमच्याकडून कळलं नाही, पेढे खाल्लेल्या शेजारणीकडून कळलं.

"लोक बढतीसाठी पाया पडतात, आणि तुम्ही परत करताय?" मी ओरडले होते.

तुम्ही खिडकीच्या गजाकडे बघितलंत. मग म्हणालात, "मशीन मला सांगतंय त्येला काय हुतंय ते. माणसं सांगत न्हाईत. आणि वर म्हणत्यात, वळखा."

मला ते उत्तर वाटलं नाही, पळवाट वाटली.

आणि माझे वडील गेले तेव्हा. मी आईच्या मांडीत डोकं घालून रडत होते, आणि तुम्ही माझ्या जवळही आला नाहीत. खांद्यावर हात नाही, एक शब्द नाही. तेरा दिवस तुम्ही दारात उभं राहून भेटायला येणाऱ्यांच्या चपला जोडीनं लावत होतात. म्हाताऱ्यांच्या पायरीजवळ, तरुणांच्या लांब. बहीण मला म्हणाली, "तुझा नवरा जावई आहे की देवळाबाहेरचा चपलावाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं कितीतरी वर्षांनी आईनंच सांगितलं, की त्या तेरा दिवसांत एकाही म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागलं नाही. तिच्या लक्षात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.

मी शिक्षिका. पोरांची मनं ओळखायचा पगार घेणारी. वर्गात कुणी नजर चुकवली की "माझ्या डोळ्यांत बघून बोल" म्हणणारी. घरात दोन माणसं माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, आणि दोघंही माझ्यापासून काहीतरी लपवतायत असं मी धरून चालले होते.

दुसरं माणूस म्हणजे आपली रेवा. पाच वर्षांची झाली तरी स्वतःला 'मी' म्हणायची नाही. "रेवाला पाणी पाहिजे." टीव्हीवरच्या जाहिराती जशाच्या तशा म्हणायची, पण भूक लागली की नुसती किंचाळायची. कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली. आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, म्हणायच्या, "बापावर गेलीया. यील वळणावर." शेवटी शाळेनंच चिठ्ठी दिली आणि आपण मुलांच्या विकास केंद्रात गेलो.

ती सकाळ मला अजून दिसते. डॉक्टरबाई प्रश्न विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते. तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसला होतात, जायला निघाल्यासारखे. बाईंनी विचारलं, "मोठे आवाज एकदम अंगावर येतात का?"

तुम्ही म्हणालात, "व्हय. सगळ्यांत वंगाळ स्टीलच्या ताटाचा. पंगतीत."

"ठरलेल्या गोष्टीत बदल झाला तर त्रास होतो?"

"दिवस जातोय सगळा."

बाई थांबल्या. हसून म्हणाल्या, "मी मुलीबद्दल विचारतेय."

"तिला बी तेच," तुम्ही म्हणालात. "पण तिला सांगता येत न्हाय. मला येतंय, म्हणून सांगितलं."

रेवाला ऑटिझम आहे असं बाईंनी दोन-तीन भेटींनंतर सांगितलं. मी कोसळले. 'का? माझंच काय चुकलं?' यातच महिनाभर फिरत राहिले. बाई समजावत होत्या, की हा आजार नाही, आईच्या वागण्यानं होत नाही, मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. माझ्या कानांत शिरत नव्हतं. आणि तुम्ही? तुम्ही दुसऱ्याच दिवशी कामाला लागलात.

रेवा रोज शाळेच्या फाटकात आडवी पडायची. रिक्षावाले मामा, वर्गातल्या बाई, मी, सगळे म्हणत होतो हट्टी आहे. तुम्ही एक दिवस रजा काढलीत आणि सकाळभर शाळेच्या मैदानात जाऊन बसलात. घरी येऊन म्हणालात, "पोरगी शाळेला भीत न्हाय. परिपाठाच्या कर्ण्याला भितीया. तिच्या डोक्यावरच टांगलाय." मी तीच शाळा आठ वेळा बघून आले होते. मला कर्णा दिसला नव्हता.

तुम्ही मुख्याध्यापिकांना भेटलात. रेवाला परिपाठ संपल्यावर, मागच्या दारानं येऊ द्या एवढंच मागणं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, एकाला दिलं तर उद्या सगळेच मागतील."

"मागू देत की. ज्येला लागतंय त्येला द्या. ज्येला लागत न्हाय त्यो दोन दिवसांत सोडतोय."

मी शरमेनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. मुख्याध्यापिकांशी असं बोलतात का! पण दुसऱ्या सोमवारपासून रेवा मागच्या दारानं, स्वतःच्या पायांनी आत गेली. तिच्या मागोमाग आणखी दोन मुलं त्या दारानं यायला लागली. एक तोतरं बोलणारी मुलगी होती आणि एक आजारातून उठलेला. शाळा काही बुडाली नाही.

कंपनीतल्या भंगारातल्या पत्र्याचे तळहाताएवढे तुकडे मागून आणलेत. कानस मारून मारून त्यांच्या कडा अशा गोल केल्यात की बाळाच्या गालावर फिरवाव्यात. त्यावर रंगानं चित्रं काढलीत. दात घासणं, अंघोळ, डबा, शाळा, झोका. चित्रं भयंकर होती. तुमची अंघोळीची बादली अगदी हत्तीसारखी दिसायची. पण रोज सकाळी रेवा त्या दिवसाचे पत्रे ओळीनं लावायची आणि मग तिचा दिवस तिच्या हातात असायचा. किंचाळणं संपलं नाही, पण निम्म्यावर आलं. एकदा तिनं हत्ती बघून सांगितलं, "बाबाची बादली चालत जाईल." आपण तिघं हसलो. तिनं केलेला तो पहिला विनोद.

मी विचारलं होतं, "तुम्हाला हे कसं सुचतं?"

"सुचत न्हाय. ल्हानपणी मला हे कुणीतरी करायला पायजे हुतं. ते करतोय."

रेवा सात वर्षांची असताना तुम्ही मला खरं कारण न सांगता पुण्याला गेलात. दोन वेळा. मला सांगितलं कंपनीचं काम आहे. आयुष्यात तुम्ही माझ्याशी बोललेलं ते एकमेव खोटं असेल. तिसऱ्या वेळी परत आलात ते हातात मोठ्या माणसांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन. संध्याकाळची वेळ, मी तांदूळ निवडत होते. तुम्ही रिपोर्ट ताटाशेजारी ठेवलात. मी वाचला. जो शब्द रेवाच्या कागदावर होता तोच तुमच्या कागदावर होता.

तुम्ही भिंतीला टेकून बसलात. मग तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा अजिबात न हलता. म्हणालात, "एवढी वर्षं मला वाटत हुतं मी वाईट माणूस हाय."

अहो, त्या क्षणी मी तुम्हाला जवळ घ्यायला हवं होतं. निदान तुमच्या शेजारी बसायला हवं होतं, तुम्हाला सोसतं तेवढं अंतर ठेवून. मी काय म्हणाले? म्हणाले, "कुणाला सांगू नका."

हे मी लिहून ठेवते आहे, कारण या लेखात फक्त तुमचं चांगलं लिहून मला सुटता येणार नाही.

तुम्ही विचारलंत, "का?"

"भाऊजींच्या दोन्ही मुलींची लग्नं व्हायचीत. लोक म्हणतील घराण्यात आहे. रेवाचं कळलंय तेवढं पुरे. कंपनीत कळलं तर काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हणून हा असा हाय व्हय. मला तेच पायजे."

तिथून आपला वाद सुरू झाला तो सहा वर्षं चालला. आधीच्या भांडणांसारखा नव्हता. मी आवाज चढवत नव्हते, तुम्ही गच्चीवर जात नव्हतात. पण तुम्ही म्हणायचात सांगायचं, आणि मी म्हणायची नाही. तुम्ही भाऊजींना सांगितलंत तेव्हा ते केवढ्यानं ओरडले! "घरातलं येड घराभाईर काढू नगंस, विलास! माझ्या पोरींच्या आयुष्याचा इचार कर." तुम्ही तासभर कानांवर हात ठेवून बसला होतात. मग मला म्हणालात, "दादा रागावला न्हाय. दादा भ्यालाय." माणसं ओळखता येत नाहीत म्हणणारा माणूस असं म्हणाला. मी तर त्यांचा राग धरून बसले होते.

तुम्हाला ऑटिझमसाठी वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मात्र कधी पटला नाही. केंद्रातल्या फलकावर तो लिहिला होता. तुम्ही डॉक्टरबाईंना गाठून सांगितलंत, "म्याडम, ह्यो शब्द ज्येनं केला त्येला भाईरनं बघून वाटलं असंल. मी माझ्यात मग्न न्हाय वो. पंखा, रस्ता, तुमच्या बांगड्या, त्या खोलीतलं पोरगं, सगळं मला एकदम ऐकू येतंय. मग्न हुता आलं असतं तर झोप लागली असती की." बाई खो खो हसल्या. त्याच वर्षीच्या पालक मेळाव्यात बोलायला त्यांनी तुम्हालाच बोलावलं.

मी नको म्हणाले. तुम्ही "जातो" म्हणालात. आठवडाभर भाषण लिहिलंत, कागदावर, रेघा आखून. मी त्या दिवशी आले ती शेवटच्या ओळीत बसायला, ओळखीचं कुणी दिसलं तर तोंड लपवायला.

पन्नास-साठ पालक होते. तुम्ही माईक बंद करायला लावलात. टाळ्या वाजवू नका, आवडलं तर हात हलवा, म्हणालात. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वाचायला सुरुवात केलीत. "मी विलास. मी ऑटिस्टिक आहे. माझी मुलगी रेवा ऑटिस्टिक आहे. तिच्यामुळं मला माझा पत्ता लागला."

पुढच्या ओळीत दोन-तीन हात हलले.

पाठीमागून एका बापानं विचारलं, "माझं लेकरू बरं कवा हुईल?" तुम्ही म्हणालात, "बरं व्हायला ते आजारी न्हाय. त्येला काय अवघड जातंय ते बघा आणि ते सोपं करा. शिकवा, पण त्येच्या चालीनं. आणि त्येला काय आवडतंय ते त्येच्याकडनं काढून घिऊ नका."

मग एक बाई उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, रागानं. "तुम्ही बोलताय, नोकरी करताय, लग्न झालंय तुमचं. माझी लेक सोळा वर्षांची आहे. एक शब्द बोलत नाही. अजून तिची अंघोळ मी घालते. तुमचं आणि तिचं एकच आहे म्हणता? कसं?"

तुम्ही तुमच्या कागदावर तिचं उत्तर शोधत राहिलात.  लोक चुळबुळायला लागले. मी जागच्या जागी मरत होते. मग तुम्ही कागद खाली ठेवलात. "एकच न्हाय," म्हणालात. "मी जेवढं सोसलं त्येच्यापेक्षा तिला जास्त सोसायला लागतंय. तिच्यावतीनं मी बोलू शकत न्हाय. तिची वळख करून देता काय?"

ती मुलगी कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, पुढं-मागं झुलत. तुम्ही जाऊन तिच्यापासून हातभर अंतरावर बसलात. बोलला नाहीत, तिच्याकडं बघितलंही नाहीत. तुमच्या खिशात कायम असायचा तो मोजायचा टेप तिनं थोड्या वेळानं ओढून घेतला. पट्टी बाहेर काढायची, सोडायची, सर्रकन आत जायची. पुन्हा. पुन्हा. मेळावा संपला, खुर्च्या उचलल्या गेल्या, तुम्ही बसून होतात. ती झुलायची थांबली नाही, बोलली नाही, चमत्कार काही झाला नाही. पण तिची आई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "तिच्याशेजारी एवढा वेळ कुणीच बसत नाही हो. सगळे आधी तिला काहीतरी करायला लावतात." मग तिनं मला विचारलं, "ते तुमचे कोण?"

"माझे मिस्टर," मी म्हणाले. छाती भरून आली होती. इतकी, की मला वाटलं सगळ्यांना दिसेल.

आणि गाडीवरून घरी येताना मी तुम्हाला काय सांगितलं? "सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय, लावून देते."

अहो, तुम्हाला सूचक बोलणं कळत नाही हे मला तेव्हा माहीत होतं. स्पष्ट सांगितल्याशिवाय तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. तरी मी बटणाचं बोलले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि तुमच्यासाठी विषय बटणाचाच राहिला. मला तुमचा किती अभिमान वाटला हे तुम्हाला कधी कळलंच नसेल, ही एकच गोष्ट मला टोचते. बाकीचं सगळं मी स्वतःला माफ करत आणलंय.

त्यानंतर मी बदलले, हे मात्र तुम्ही पाहिलंत. वर्गात 'डोळ्यांत बघ' म्हणायचं सोडलं. उद्या काय शिकवणार हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहायला लागले. घरात 'बाजारातून काहीतरी आणा' म्हणणं बंद केलं. 'अर्धा किलो गवार आणा, नसली तर काही आणू नका' म्हणायला लागले. आणि तुम्ही रोज संध्याकाळी चहाच्या वेळी येऊन मला विचारायला लागलात, "आज तुझ्या मनात काय हुतं ते सांग. मला वळखता येत न्हाय, पण ऐकायचं हाय." असं माझ्या कुठल्या मैत्रिणीचा नवरा विचारतो? त्या सगळ्या मनमिळाऊ नवऱ्यांपैकी एकाचं नाव मला कुणी सांगावं.

तुम्ही गेलात त्या सकाळविषयी मी लिहीत नाही. रेवाविषयी लिहिते, कारण तुम्हाला तेच हवं असेल.

ती रडली नाही. तेरा वर्षांची मुलगी, बापाच्या अंगावर पडून आकांत करेल असं लोकांना वाटत होतं. ती तुमच्या कपाटासमोर बसून शर्ट रंगाप्रमाणं लावत होती. माझी मावशी उसासा सोडून म्हणाली, "बरंय बाई, पोरीला काही कळत नाही."

मी उठून उभी राहिले. "तिला सगळं कळतंय, मावशी. ती आपल्यासारखं दाखवत नाही." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. काही वर्षांपूर्वी मी मान खाली घातली असती.

रक्षा विसर्जनाला तिला पंचगंगेवर नेऊ नका, गोंधळ घालेल, असं सगळ्यांचं मत पडलं. मी रेवाला विचारलं. ती म्हणाली, "रेवा येणार." मग मी तिला तुमच्याच पद्धतीनं सगळं क्रमानं सांगितलं. आधी गाडी, मग पायऱ्या, मग गुरुजी मंत्र म्हणणार, मग काकांच्या हातातलं मडकं पाण्यात, मग घर. किती वेळ, तेही. तिनं कानांवर हेडफोन चढवले आणि घाटावर शेवटपर्यंत उभी राहिली. राख पाण्यात सोडली तेव्हा ती मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाबा पाण्यात गेला. बाबा परत येणार नाही. मला वाईट वाटतंय."

अहो, 'मला' म्हणाली. 'रेवाला' नाही.

भाऊजी तिथंच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. रडता रडता मला म्हणाले, "आमचा बाप बी असाच हुता की गं. शेतावरच्या खोपीत एकटाच ऱ्हायाचा. आमी त्येला माणूसघाणा म्हणून मेलेल्याला बी शिव्या घातल्या." मी शेजारच्या पायरीवर बसले. बोलायचं त्यांना होतं.

आणि आता परवाच्या रविवारचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

दुपारी भाऊजी तुमच्या कंपनीच्या कागदांवर सह्या घ्यायला आले होते. दारात एक बाई आली. चाळिशीची असेल. आजऱ्याहून आली होती, काजूच्या कारखान्यात काम करते. तिच्या भाचीसाठी ती नंतरच्या एका मेळाव्याला आली होती आणि तुमचं बोलणं ऐकून गेली होती. पुढं तुम्हाला फोन करून भेटायची वेळ मागितली, तर तुम्ही दोन महिन्यांनंतरचा रविवार दिला होतात, तारीख आणि किती वाजता हे सांगून. ती बरोबर त्या वेळेला आली.

"साहेब हायत न्हवं?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. तिचा हात तोंडावर गेला. "आई गं! मला ठावंच न्हाय. चुकीच्या वक्ताला आलो. जातो मी."

मी म्हटलं, "बसा. तुम्हाला दिलेली वेळ आहे."

रेवा पाणी घेऊन आली. बाईकडे न बघता तिनं विचारलं, "तुम्ही किती वेळ बसणार?"

"एका तासानं यष्टी हाय, बाळ."

"ठीक आहे," म्हणून रेवा आत गेली. बाई पहिल्यांदा हसली.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. भाचीचं नाही, नवऱ्याचं. "दारू न्हाय, मारझोड न्हाय, कामाला वाघ. पण तीन-तीन दिवस बोलत न्हाईत. पावणं आलं की घरामागं परड्यात जाऊन बसत्यात. मी आजारी पडलो तर जवळ येत न्हाईत, पण सगळ्या घराचं पाणी भरून ठेवत्यात. लोक म्हणत्यात येडा हाय. मला वाटतंय भिंतीसंगं संसार करतोय. साहेबांचं ऐकलं त्या दिवशी, आणि वाटलं, ह्ये तर माझ्या मालकांचंच चाललंय. कुणाला इचारू?"

भाऊजी समोर बसले होते. त्यांच्या धाकट्या मुलीला पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहेत, हे मला माहीत होतं. मी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग त्या बाईकडं.

म्हटलं, "माझे पती ऑटिस्टिक होते. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. बहुतेक माझे सासरेही असतील."

अहो, मी सांगितलं. छत कोसळलं नाही. भाऊजी उठून गेले नाहीत.

तुमच्यासारखं रेघा आखून मला काही सांगता आलं नाही. मी तिला म्हटलं, तुमच्या मालकांना काय आहे हे मी सांगू शकत नाही, ते तपासणारे डॉक्टर सांगतील, आणि तेही मालकांची इच्छा असेल तर. केंद्राचा पत्ता लिहून दिला. तिनं विचारलं, "तुमी काय केलासा?"

"अकरा वर्षं भांडले," मी म्हणाले. "मग विचारायला शिकले. 'तुम्हाला माझ्याविषयी काही वाटतच नाही का' असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांना सापडत नाही आणि ते गप्प बसतात. 'आज कशाचा त्रास झाला' विचारा. 'मला बरं नाही, इथं बसा' असं सांगा. बसतील. आणि त्यांनी पाणी भरून ठेवलं असेल तर ते त्यांचं बोलणं आहे, हे लक्षात ठेवा. आणि त्यांच्याविषयी चांगलं वाटलं तर त्याच दिवशी, सरळ शब्दांत सांगून टाका. उद्यावर ठेवू नका."

ती डोळे पुसत उठली. दाराशी थांबून म्हणाली, "बाई, खरं सांगा. तुमचा संसार सुखाचा झाला काय?"

मला विचार करावा लागला नाही. "पहिली अकरा वर्षं झाला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. नंतरची सहा वर्षं असा झाला की मला कुणाचा हेवा वाटला नाही. मला त्यांचा अभिमान आहे. त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगते."

 मग भाऊजींनी सह्यांचे कागद आवरले आणि गाडीची किल्ली उचलली.

"चला पावणं, स्टँडवर सोडतो," ते तिला म्हणाले. "यष्टीला अजून येळ हाय. विलासचं ल्हानपणापास्नंचं मला ठावं हाय, हिला बी एवढं ठावं न्हाय. वाटंत सांगतो."

मी दारात उभी राहिले. गल्लीतून गाडी हळू हळू निघाली. काचेतून मला दिसत होतं, अहो, भाऊजी बोलत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत बोलतच होते.